लाहोरच्या वाटेवरची सराई

ताजमहालावर सही आहे ती एकाच माणसाची. आतल्या घुमटाच्या पायथ्याशी, पांढऱ्या संगमरवरात जडवलेल्या काळ्या अक्षरांच्या ओळी जिथे संपतात, तिथे शिराझच्या अमानत खानानं आपलं नाव लिहून ठेवलं आहे. साल १६३८-३९चं. हजारो पाथरवट, गवंडी, जडावकाम करणारे तिथे वर्षानुवर्षं राबले, पण दगडावर नाव उरलं ते या सुलेखनकाराचं. त्याचं मूळ नाव अब्दुल हक. इराणातून तो हिंदुस्थानात आला आणि सिकंदऱ्याला अकबराच्या कबरीच्या दरवाजावरचे लेख त्यानं १६१३ साली लिहिले. ‘अमानत खान’ हा किताब शहाजहानानं त्याला १६३२ मध्ये दिला. त्याचा भाऊ अफझल खान हा शहाजहानचा मुख्य दिवाण होता.

अफझल खान १६३९ मध्ये लाहोरला वारला. आग्ऱ्याला यमुनेकाठी रंगीत फरशांनी मढवलेली जी कबर ‘चिनी का रौझा’ म्हणून दाखवतात, ती त्याची. भाऊ गेल्यावर अमानत खानानं दरबारातून अंग काढून घेतलं आणि आग्रा-लाहोर राजरस्त्यावर, लाहोरच्या अलीकडे, वाटसरूंसाठी एक सराई बांधली. ती १६४०-४१ मध्ये पुरी झाली. तिच्या दरवाजावरचा लेख त्यानं स्वतः लिहिला आणि त्यात स्वतःचं नाव घातलं. मुमताजच्या कबरीवर लिहिलेल्या हातानं त्यानंतर लिहिलं ते कोणा अनोळखी व्यापाऱ्याच्या, हाजीच्या, उंटवाल्याच्या डोक्यावर. त्यानंतर चार-पाच वर्षांतच तो वारला. ही गोष्ट वाचल्यापासून ती सराई पाहायची माझी फार इच्छा होती. आज ते तरनतारन जिल्ह्यातलं एक गाव आहे. गावाचं नावच सराई अमानत खान. जिथे एका रात्रीसाठी उतरायचं, तिथे आता माणसं पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहतात.

२०१५च्या एप्रिलमध्ये घुमानला मराठी साहित्यसंमेलन झालं. नामदेवांच्या पायधुळीची जागा म्हणून हजारो मराठी माणसं पंजाबात उतरली, त्यांत मीही होते. संमेलन आटोपल्यावर बहुतेक मंडळी सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग आणि अटारीची सरहद्द करून परतली. मी तरनतारनहून अटारीकडे जाणारा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला गहू, मधूनच विहिरीवरची पाण्याची मोटार, आणि मग एकाएकी घरांच्या वर डोकं काढून उभा असलेला दरवाजा.

त्या दरवाजाबद्दल बोलण्याआधी सराई म्हणजे काय प्रकारची इमारत, ते सांगायला हवं. आपल्याकडच्या धर्मशाळेहून तिची जात वेगळी. मुघल सराई म्हणजे एक प्रचंड चौकोन. चारी बाजूंना उंच, बाहेरून मुकी भिंत. तिला खिडकी नाही, झरोका नाही. कोपऱ्यांवर बुरूज. दोन समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यावर दोन भव्य दरवाजे, एक आग्रा-दिल्लीकडे तोंड केलेला, दुसरा लाहोरकडे. आत शिरलं की उघडं मैदान, त्यात विहीर, मशीद, जनावरं बांधायची जागा. आणि चारी भिंतींना आतून लागून खोल्यांची सलग रांग. प्रत्येक खोली सारखी, प्रत्येकीपुढे कमानीची ओसरी. जालंधरजवळ नूरमहलची सराई आहे, १६१८ ते १६२१ या काळात नूरजहानसाठी झकारिया खानानं बांधलेली. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनं ती मोजली. एकेक बाजू ५५१ फूट, एकेका बाजूला ३२ खोल्या, आणि खोली १० फूट १० इंच चौरस. तिच्या पश्चिम दरवाजावरच्या लेखात एक विलक्षण ताकीद कोरली आहे. वाटसरूंकडून कर घ्यायचा नाही, आणि पुढे कोणा फौजदारानं तो घेतलाच तर त्याचा संसार मोडो! दगडात कोरलेला असा शाप मी दुसरीकडे वाचलेला नाही. वाटसरूची काळजी त्या काळी किती गांभीर्यानं घेत, ते त्यातून कळतं.

सराईत दिवस कसा मावळत असे, ते इटालियन प्रवासी मनुचीनं लिहून ठेवलं आहे. संध्याकाळी दरवाजे बंद होत. ते लावून झाल्यावर रखवालदार सगळ्यांना ओरडून सांगे, आपापलं सामान सांभाळा, जनावरं नीट बांधा. पहाटे दरवाजा उघडण्याआधी तो पुन्हा तीनदा हाक देई, कोणाचं काही हरवलं आहे का ते पाहा. हरवलं असेल तर ते सापडेपर्यंत दरवाजा बंदच राही. शिपायांना आत घेत नसत, हेही त्यानंच लिहिलं आहे. रांधून द्यायला, बाजा भाड्यानं द्यायला, पाणी तापवायला भटियारी असत. ती कुटुंबं सराईतच राहत. म्हणजे त्या इमारतीत कायमचं घर असलेली माणसं पहिल्यापासून होतीच, फक्त इमारत बांधली होती ती त्यांच्यासाठी नव्हे.

आता दरवाजा. माझ्या डोळ्यांना त्यानं खरोखर धक्का दिला. ताजवरचं अमानत खानाचं काम संगमरवरातलं; काळा आणि पांढरा एवढेच रंग. इथे तो रंगात उतरला आहे. लाहोरकडच्या पद्धतीचं हे फरशीचं काम. निळ्या, पिवळ्या, हिरव्या झिलईची फरशी वेगवेगळी भाजायची, तिचे तुकडे कापायचे आणि चुन्याच्या गिलाव्यात एकमेकांना भिडवून बसवायचे. म्हणजे एकेक अक्षर आधी कागदावर लिहिलेलं, मग भाजलेल्या मातीत कापलेलं. पुष्कळ ठिकाणी तुकडे गळून पडलेत आणि मागचा चुना उघडा पडला आहे. त्या चुन्यात तुकड्याचा ठसा मात्र तसाच आहे. रंग गेला, पण अक्षराचं वळण राहिलं. मी बराच वेळ मान वर करून तिथेच उभी होते. एक ट्रॅक्टर मागून आला, त्यानं वाट मागितली, तेव्हा बाजूला झाले. तो त्याच दरवाजातून आत गेला.

आत गाव आहे. दरवाजापासून दरवाजापर्यंत रस्ता, त्याला फुटलेल्या गल्ल्या, पक्की घरं, पाण्याच्या टाक्या, दाराशी म्हशी. पूर्वीचं ते उघडं मैदान घरांनी भरून गेलं आहे. मशीद उभी आहे आणि तिच्या अंगावरही फरशीचं काम टिकून आहे. पण ज्यासाठी मी आले होते ती खोल्यांची रांग शोधावी लागली, कारण ती घरांच्या मागच्या भिंतीत गेली आहे. तट जिथे जिथे शिल्लक आहे, तिथे कोणाचं तरी स्वयंपाकघर, कोणाचा गोठा, कोणाची अडगळ त्याला टेकून उभी आहे.

एका घराच्या अंगणात डोकावत होते, तेवढ्यात बाजेवर बसलेल्या आजींनी हाक मारली, “अंदर आ जाओ जी, बाहर धूप है.” मी त्यांना बीजी म्हटलं. तिथे वयानं मोठ्या बाईला तसंच म्हणतात. बहू चहा ठेवायला आत गेली, आणि बीजींनी मला घर दाखवलं.

अंगण, त्यापुढे सिमेंटच्या स्लॅबची नवी पडवी, आणि पडवीच्या आत एक कमान. कमान विटांनी निम्मी भरून तिला लोखंडी दार बसवलेलं. दार उघडून आत गेलं की सराईची मूळ खोली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत गारवा. वर पाहिलं तर लहान विटांचं घुमटी छत. या विटांना तिकडे नानकशाही म्हणतात. आपल्या भाकरीपेक्षा थोड्याच जाड, पण चुन्यात अशा बसवलेल्या की पावणेचारशे वर्षं एकमेकींना धरून आहेत. छत वर वळत गेल्यामुळे पंख्याला आकडा लावायला सपाट जागाच नाही. म्हणून कोपऱ्यात उभा पंखा. तिन्ही भिंतींत कोनाडे. ते मूळचेच, दिव्यासाठी आणि चीजवस्तू ठेवण्यासाठी केलेले. एकात गुरू नानकांची तसबीर होती, दुसऱ्यात औषधाच्या बाटल्या, तिसऱ्यात शिवणाचा डबा. भिंतीशी पत्र्याची भली मोठी पेटी. पंजाबात सुनेच्या हुंड्याबरोबर येणाऱ्या रजाया अशा पेटीत ठेवतात.

बीजींनी मला आणखी आत नेलं. शेजारची खोलीही त्यांचीच. दोन्हींच्या मधली भिंत फोडून दार केलं होतं. तिथे उंबऱ्यावर थांबून मी दोन्ही हात पसरले तेव्हा कुठे भिंतीची जाडी कळली. फोडलेल्या कडेला गिलावा केलेला नव्हता, त्यामुळे भिंतीचा गाभा दिसत होता. बाहेरून नेटक्या बसवलेल्या विटा, आणि मध्ये विटांचे तुकडे आणि चुना ठेचून भरलेला. या भिंती एका खोलीतल्या माणसाला दुसऱ्या खोलीतल्या माणसापासून अलग ठेवायला घातलेल्या. उतारूंची एकमेकांशी ओळख नसे. तिथे आता सासूची खोली आणि सुनेची खोली यांच्यामध्ये दार होतं, आणि त्या दाराला पडदासुद्धा नव्हता.

मागच्या, म्हणजे सराईच्या तटाच्या भिंतीत त्यांनी एक खिडकी फोडली होती. बाहेर गव्हाचं शेत. तटाची जाडी एवढी की खिडकीच्या तळाशी ऐसपैस बैठक तयार झाली होती. तिथे उशी टाकून नातू अभ्यासाला बसतो, बीजी म्हणाल्या. मला ती खिडकी पुन्हापुन्हा आठवते. सराईच्या स्थापत्याचा पहिला नियमच हा की बाहेरच्या अंगाला भोक ठेवायचं नाही. दरवाजा बंद झाला की आतला माणूस आणि त्याचा माल सुरक्षित. चोराच्या, दरोडेखोराच्या भयानं घातलेला तो नियम होता. त्या भिंतीला पहिली खिडकी ज्यानं पाडली, त्याचं ते भय गेलं असणार. पुरातत्त्वाच्या नजरेनं तो वारशाला धक्का असेल. पण माझ्या मते सराईचं घर झालं ते नेमकं तिथे.

माझ्या आजोळी वाडा होता. तोही आत तोंड केलेला, तोही चौकाभोवती बांधलेला. पण वाड्यात एक खोली दुसरीसारखी नसते. ओसरी येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी, माजघर घरच्या बायकांचं, देवघर काळोखं आणि सोवळ्यातलं, कोठीची खोली धान्याची, बाळंतिणीची खोली वाऱ्यापासून आडोशाची. कोण कुठवर येणार, कोण कुठे जेवणार, हे भिंतींनीच ठरवलेलं. नात्यांची सगळी उतरंड खोल्यांत उतरलेली असते. सराईत उलट. चारी बाजूंना सारख्याच खोल्या, कारण येणाऱ्याचं घरधन्याशी काही नातं नाही आणि एका रात्रीत नातं तयार व्हायलाही वेळ नाही. बादशाही मुक्कामासाठी एखादं वेगळं दालन असे, ते सोडलं तर कोणालाही कुठलीही खोली. जातिपातीचा, मानपानाचा इतका विचार करणाऱ्या समाजात दहा-बारा फुटांच्या शंभर सारख्या खोल्या बांधणं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. शेरशाहच्या सरायांत हिंदू आणि मुसलमान यांची सोय वेगवेगळी होती असं त्याचा चरित्रकार अब्बास खान लिहितो, म्हणजे भेद अजिबात नव्हता असं मी म्हणणार नाही. पण खोलीचं माप सगळ्यांना एकच होतं.

अशा इमारतीचं घर करायचं म्हणजे या सारखेपणाला हात घालावाच लागतो. एका खोलीत पेट्या ठेवल्या की ती कोठी झाली. एकीत म्हातारं माणूस निजलं की ती आजीची खोली झाली. ओसरीत चूल मांडली, पुढे पडवी काढली, अंगण आखलं. स्थापत्यकारानं जे जाणूनबुजून टाळलं होतं, ते राहणाऱ्यांनी एकेक करून आणलं. बीजींच्या घरात मूळ दोन खोल्या होत्या आणि त्यांच्या बोलण्यात त्या दोघी कधीच सारख्या नव्हत्या. एक ‘वड्डी’, म्हणजे मोठी, आणि एक ‘निक्की’, म्हणजे धाकटी. मी डोळ्यांनी मापून पाहिलं. दोन्ही तंतोतंत सारख्या होत्या.

वाट मोडली म्हणून सराई मोडली. जुना बादशाही रस्ता सुलतानपूर, फतेहाबाद, तरनतारन या बाजूनं लाहोरला जात असे. इंग्रजांचा ग्रँड ट्रंक रोड त्याच्या उत्तरेला जालंधर-अमृतसरवरून गेला, आणि १८६२ मध्ये अमृतसर-लाहोर रेल्वे सुरू झाली. व्यापारी आणि उतारू तिकडे वळले. त्याआधी, अठराव्या शतकातल्या धामधुमीत, या वाटेवरून फौजाच अधिक गेल्या. राघोबादादांची मराठी फौज १७५८ मध्ये सरहिंद घेऊन लाहोरला पोचली, ती याच मुलखातून. अटकेपार झेंडे लावल्याचं आपण अभिमानानं सांगतो. त्या मोहिमेत इथून गेलेल्या मराठी बारगिरांनी हे निळे-पिवळे दरवाजे पाहिले असतील का, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. मनुचीच्या वेळचा नियम पाळला गेला असता, तर त्यांना आत मात्र कोणी घेतलं नसतं.

मग १९४७. लाहोर, जिच्याकडे या सराईचा एक दरवाजा तोंड करून उभा आहे, ती नगरी परक्या देशात गेली. या सगळ्या पट्ट्यातली मुसलमान वस्ती पलीकडे गेली आणि पलीकडची शीख, हिंदू कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी अलीकडे आली. सरहद्द गावापासून काही किलोमीटरांवर. आता त्या वाटेनं लाहोरला कोणीच जात नाही. ज्या काळात लाखो माणसं एकाच वेळी बेघर होऊन रस्त्यावर होती, त्या काळात या मुलखात जी जी भिंत उभी होती आणि जे जे छप्पर शाबूत होतं, त्याला मोल होतं.

माझं म्हणणं असं, की सराई अमानत खान टिकली ती तिच्यात माणसं राहिली म्हणून. लुधियानाजवळ दोराह्याला अशीच एक मुघल सराई आहे. ती ओस आहे. ‘रंग दे बसंती’ या चित्रपटाचं चित्रीकरण तिथे झालं, म्हणून तरुण मुलं ती पाहायला जातात आणि तिला सिनेमाच्याच नावानं ओळखतात. तिच्या खोल्यांची छपरं ढासळत आहेत, भिंतींवर नावं कोरलेली आहेत. नूरमहलच्या सराईत शाळा आली, पोलीस ठाणं आलं, त्यामुळे तिचा वावर राहिला. अजिंठ्याला जाताना आपण फर्दापूरवरून जातो. तिथेही मुघलांची सराई आहे, आणि लेणी पाहून परतणाऱ्या गाड्यांतलं कोणी तिथे उतरत नाही. इमारतीला रोज हात लागावा लागतो. पावसाळ्याआधी छपरावरची गवताची रोपं उपटणारं, पाण्याची वाट मोकळी करणारं कोणी घरात असलं, तर चुन्याची इमारत शतकं काढते. बीजींच्या छपरावर मी गेले होते. जिना नवा, पण छताचा उतार जुनाच, आणि पन्हाळीचं तोंड स्वच्छ होतं. उन्हाळ्यात सगळं घर तिथेच बाजा टाकून झोपतं.

खुद्द ताजमहालाचीही अशीच एक बाजू आहे, आणि ती फार थोडे लोक पाहतात. ताजच्या दक्षिणेला त्याच आराखड्याचा भाग म्हणून चार सराया आणि मध्ये बाजार बांधलेला होता. तिथल्या भाड्याचे वर्षाला दोन लाख रुपये आणि तीस गावांच्या महसुलाचे एक लाख, एवढ्या उत्पन्नावर कबरीची देखभाल व्हावी अशी शहाजहानानं व्यवस्था लावली होती. त्या चार सराया म्हणजे आजचं ताजगंज. खोल्यांची घरं झाली, मैदानांत गल्ल्या उगवल्या, पण सरायांचे दरवाजे अजून उभे आहेत, आणि त्यांच्यातून दूधवाले, रिक्षा, शाळेची मुलं जातयेत असतात. कबर पाहायला येणारे त्या दरवाजांकडे पाठ करून रांगेत उभे राहतात. ताजचा आराखडा कबरीशी संपत नाही. मेलेल्यांच्या बागेपाशी सुरू होऊन तो जिवंत माणसांच्या बाजारात उतरतो, आणि त्यातला हाच भाग आजही ज्या कामासाठी बांधला त्याच्या अगदी जवळच्या कामाला लागलेला आहे.

जुन्या वास्तूंचं जतन करताना आपल्याकडे पहिलं पाऊल ठरलेलं असतं. आतल्या माणसांना बाहेर काढायचं, कुंपण घालायचं, हिरवळ लावायची, आणि निळ्या रंगाची पाटी उभी करायची. सराई अमानत खानाच्या बाबतीत हे झालं, तर शंभर सारख्या खोल्या पुन्हा मोकळ्या होतील आणि दहा पावसाळ्यांत त्यांचं दोराहा होईल. दरवाजांवरची अक्षरं जपायलाच हवीत. गळू घातलेला प्रत्येक तुकडा पुन्हा चुन्यात पक्का बसवायला हवा, आणि तो सिमेंटनं बसवता कामा नये. कारण सिमेंट पाणी कोंडून ठेवतं, क्षार धरतं आणि शेजारचे धड तुकडेही सोडवतं. मशिदीवरच्या कामालाही तीच निगा हवी. पण खोल्या राहणाऱ्यांच्या ताब्यात राहू द्याव्यात. चुन्याचं काम जाणणारा गवंडी सरकारनं त्यांना द्यावा, खर्च सोसावा, पुढची भिंत फोडायच्या आधी विचारायला कोणी जाणता माणूस गावात असावा. पन्हाळ साफ ठेवणारी सून ही त्या वास्तूची सगळ्यात भरवशाची रखवालदार आहे, आणि जतनाच्या योजनेत तिचा खर्च आणि तिचं मत या दोन्हींना जागा हवी.

अमृतसरला गेलात तर संध्याकाळी अटारीला झेंडा उतरवण्याचा सोहळा पाहायला जालच. त्या दिवशी दुपारी थोडं लवकर निघा आणि आधी सराई अमानत खानला जा. दरवाजावरचा लेख वाचता आला नाही तरी चालेल. आत लोकांची घरं आहेत, तेव्हा कॅमेरा काढण्याआधी विचारा, आणि कोणी बसा म्हटलं तर बसा.